जुना डबा, आतल्या माणसांसकट

आई गेली आणि वर्ष उलटायच्या आत बाबा तिला विसरायला लागले. हे मला मंजूर नव्हतं. मला विसरले असते तर एक वेळ चाललं असतं. मी तशी विसरण्यासारखीच आहे, असं माझा भाऊ लहानपणापासून सांगत आलाय. पण आईला? जिला त्यांनी जन्मात कधी नावाने हाक मारली नाही, कायम ‘सरकार’ म्हणून बोलावलं, तिच्या फोटोसमोर उभं राहून ते आता नुसतेच चष्मा पुसायचे. पुसून पुन्हा बघायचे आणि काही न बोलता खुर्चीत येऊन बसायचे. मी हात बांधून हे बघत बसणार नव्हते.

डॉक्टर म्हणाले, तिचे व्हिडिओ रोज दाखवा, आवाज कानावर पडू द्या. व्हिडिओ ढीगभर होते, पण एका जागी असतील तर शपथ. काही माझ्या जुन्या फोनमध्ये, ज्याची बॅटरी फुगून पाठीचं झाकण उघडायला लागलं होतं. काही भावाकडच्या पेन ड्राइव्हवर, काही लग्नकार्याच्या सीडींवर, ज्या चालवायला घरात यंत्रच नव्हतं. भावाने फोनवरून तोडगा काढला. तो लांब राहतो, त्यामुळे त्याचे सल्ले वेळेवर येतात. तो स्वतः येत नाही.

“एक मीडिया सर्व्हर टाक घरात,” तो म्हणाला. “काही विशेष नसतं गं. एक कॉम्प्युटर कोपऱ्यात चालू ठेवायचा, सगळं त्यात भरायचं, आणि बाबांनी टीव्हीचा रिमोट दाबला की आई समोर. नवा घेऊ नकोस, उगाच पैसे जातील. ऑफिसातून निघालेला एखादा जुना बघ.”

मी एका दवाखान्याच्या खरेदी खात्यात काम करते. हातमोज्यांपासून पलंगांपर्यंत सगळं माझ्या सहीने येतं, आणि मला गंडवणारा विक्रेता अजून जन्माला यायचाय, असा माझा त्या दिवसापर्यंत समज होता.

दुकान एका इमारतीच्या तळघरात होतं. पायऱ्या उतरताना गरम धुळीचा वास येत होता, पंखा जळायच्या आधी येतो तसा. आत फळ्यांवर कॉम्प्युटर छतापर्यंत रचलेले होते आणि त्यांच्या मधल्या बोळात एका स्टुलावर दुकानदार बसला होता. गोल, आनंदी माणूस. गिऱ्हाईक दिसलं की त्याच्या चेहऱ्यावर पाहुणे आल्यासारखं हसू यायचं.

“घरात पिक्चरबिक्चर बघायला? सर्व्हर? हा घ्या ताई, राजा माणूस आहे,” म्हणत त्याने एक कपाटाएवढं धूड चालू केलं. त्यात लाल निळे दिवे लागले आणि अशी घरघर सुरू झाली की मला माझा प्रश्न ओरडून विचारावा लागला. पोरांच्या खेळाचं मशीन होतं ते. विजेचं बिल आणि बाबांची झोप, दोन्हींची वाट लागली असती. मग त्याने पुस्तकाएवढी एक चपटी डबी काढली. दिसायला गोजिरी, आवाज नाही, वीज फारशी खात नाही. पण आत एकच बारकी डिस्क मावणार, आणि मेमरी बोर्डालाच चिकटवलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. जुना लॅपटॉप मी हातात घेऊन तसाच खाली ठेवला. चोवीस तास चार्जरला लावलेली म्हातारी बॅटरी मला घरात नको होती, एक फुगलेली होतीच.

शेवटी माझी नजर खालच्या फळीवर गेली. मध्यम उंचीचा, राखाडी, ऑफिसात टेबलाखाली ठेवतात तसला डबा. वरच्या पत्र्यावर बुटांचे ओरखडे होते, म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं त्यावर पाय टेकून नोकरी केली होती. मी झाकण काढायला लावलं. दोन डिस्कना जागा. पंखा मोठा आणि संथ. प्रोसेसर अगदी नवा नव्हता, पण टीव्हीला चालेल तसा व्हिडिओ स्वतःच बदलून देण्याइतका दमदार होता. भावाने एवढी एक गोष्ट माझ्याकडून घोकून घेतली होती. आत एक मोठी डिस्क बसवलेलीच होती.

“डिस्क कशी आहे ते बघायचंय,” मी म्हणाले.

“बघा की. मी रिकामं मशीन विकतच नाही,” दुकानदार म्हणाला. “रिकामं दाखवलं की गिऱ्हाईक म्हणतं, चालतंय कशावरून? म्हणून आत जे असेल ते लावूनच दाखवतो. घरी नेऊन पुसून टाका.”

ही त्याची पद्धत. त्याने आतला एक व्हिडिओ लावला. एका स्वयंपाकघरात एक बाई पाठमोरी उभी राहून पेले विसळत होती. खिडकीला हिरवा पडदा, नळाची धार, बाकी काही नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिने नळ तसाच सोडला, कुणीतरी हाक मारावी तशी मान किंचित कलती केली आणि वळली. कॅमेऱ्याकडे बघितलं नाही तिने, थोडं डावीकडे बघितलं आणि ओळखीचं हसली. मी डावीकडेच उभी होते.

“चित्र बघा, आवाज बघा. एक नंबर,” दुकानदार म्हणाला.

“कोण आहे ही?”

“असेल कुणाची तरी. आपल्याला काय करायचंय ताई?”

मलाही काही करायचं नव्हतं. मी घासाघीस केली, तो दोनदा कपाळावर हात मारून घेऊन तयार झाला आणि मी डबा रिक्षात मांडीवर घेऊन घरी आले.

आता माझी चूक. डिस्क आधी पुसायची, मग भरायची, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण डिस्क अर्ध्याहून जास्त मोकळी होती आणि माझा जुना फोन आचके देत होता. मध्येच बंद पडायचा, तापायचा. आधी आई वाचवू, मग बाकीचं बघू, असा विचार करून मी तिचे हाताशी असलेले सगळे व्हिडिओ त्याच डिस्कच्या मोकळ्या जागेत उतरवून घेतले. मग भावाने सांगितलेला प्रोग्रॅम टाकला. कुठलं फोल्डर दाखवायचं, असं प्रोग्रॅमने विचारलं. मला ऑफिसला उशीर होत होता. मी त्याला सगळी डिस्क दाखवून मोकळी झाले.

त्या प्रोग्रॅमला चेहरे ओळखायची हौस होती. तो एकेक व्हिडिओ चाळायचा, त्यातले चेहरे कापून काढायचा आणि टीव्हीवर दोन दोन शेजारी मांडून विचारायचा, ‘ही व्यक्ती तीच आहे का?’ खाली दोन बटणं, हो आणि नाही. मला तर ही घरबसल्या चालून आलेली शिकवणीच वाटली. मी आईच्या एका फोटोखाली ‘सरकार’ आणि माझ्या एका फोटोखाली माझं नाव लिहिलं, बाबांच्या हातात रिमोट दिला आणि म्हणाले, “बाबा, आज तुम्हाला काम आहे. तो विचारेल, तुम्ही सांगायचं.”

“सांगतो की,” बाबा खुशीत म्हणाले. त्यांना कुणी काही विचारल्याला बरेच दिवस झाले होते.

बाबांनी सगळा जन्म चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे काढला. चष्म्याचं गिऱ्हाईक एकदा येऊन गेलं की कैक वर्षांनी उगवतं, आणि त्याला वाटतं आपण कालच येऊन गेलो. काउंटरवर हात ठेवून विचारणार, ‘ओळखलं का?’ तिथे नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं की माणूस दुखावतो आणि समोरच्या दुकानात जातो. बाबांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही. ‘ओळखलं की! या, बसा. नंबर वाढलाय का?’ हे त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की रस्त्यात पत्ता विचारणाऱ्यालासुद्धा ते ‘ओळखलं की’ म्हणायचे आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. हे सगळं मला पाठ होतं. तरी मी त्या माणसाच्या हातात हो आणि नाही अशी दोन बटणं देऊन कामावर गेले.

संध्याकाळी आले तर बाबा ताठ बसून माझी वाट बघत होते. “सगळे संपवले,” ते म्हणाले. “एकालाही नाही म्हटलं नाही.”

मी ‘सरकार’ नावाखालचं पान उघडलं. आई बाल्कनीत. आई माझ्या मावशीच्या शेजारी. मग हिरव्या पडद्यापुढची ती बाई. मग आई. मग ती बाई, ओले केस पुसताना. मग एक चित्र असं की ते आईचं की तिचं, हे मला पटकन सांगता येईना. मी पुढे सरकून टीव्हीला नाक लावून बघितलं. कानातले आईचे नव्हते. पण हनुवटी आईची होती, किंवा तोपर्यंत मला तसं वाटायला लागलं होतं. त्या बाईच्या घरातली बाकीची माणसंही आमच्यात मिसळली होती. एक अनोळखी मुलगी माझ्या नावाखाली बसली होती आणि तिने दोन वेण्या घातल्या होत्या. मी जन्मात कधी वेण्या घातल्या नाहीत.

“बाबा, ही आई नाहीये!”

“असं काय करतेस?” ते मला समजावत म्हणाले. “सरकारला ओळखत नाहीस होय? जरा वाळलीय, एवढंच.”

त्या रात्री मी ती दोन घरं वेगळी केली. एकेक चेहरा उचलून बाजूला ठेवला, परक्या माणसांचं फोल्डर टीव्हीवरून लपवून टाकलं आणि करपलेलं जेवण दोघांच्या ताटात वाढलं. डिस्क रविवारी नीट पुसायची असं ठरवून झोपले.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर टीव्हीवर ती बाई कपड्यांच्या घड्या करत होती आणि बाबा तिच्याकडे बघत ताल धरल्यासारखी बोटं हलवत होते.

“कुणी लावलं हे?” मी ओरडलेच.

“मी कुठे लावलं? ती आपली आपण आली,” बाबा म्हणाले.

फोल्डर लपवलेलंच होतं. मी तीनतीनदा तपासलं, भावाला फोन करून त्याच्याकडूनही तपासून घेतलं. तो म्हणाला, तुझं काहीतरी चुकलं असेल. त्याला तेवढंच म्हणता येतं.

खरं सांगायचं तर बाबा बरे दिसत होते. पोटभर जेवले. दाढी न सांगता केली. आणि मला राग आला तो त्याचाच. आईसमोर महिनोन् महिने मुके बसलेले माझे बाबा एका परक्या बाईपुढे खुलत होते. जेवताना ते अचानक म्हणाले, “त्या घरात स्वयंपाकघरामागे जिना होता बघ, लाकडी. सरकार घसरली होती त्यावरून. पाय सुजून टम्म झाला होता.”

आम्ही आजवर जिना असलेल्या घरात राहिलेलो नाही. आईचा पाय कधी सुजला नाही. मी म्हटलं, दिवसभर बघितलं असेल कुठल्यातरी व्हिडिओत. पण त्या प्रोग्रॅमची एक सोय आहे: जो व्हिडिओ अजून कुणी उघडलेला नाही, त्याच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका असतो. त्यांना झोपवून मी परक्यांचं फोल्डर उघडलं आणि ठिपकेवाले व्हिडिओ एकामागून एक लावत गेले. जिना सापडला. स्वयंपाकघरामागे, लाकडी. खालच्या पायरीवर ती बाई घोटा धरून बसली होती आणि वेदनेने तोंड वेडंवाकडं करत हसत होती. त्या व्हिडिओवर ठिपका होता. मी लावला तेव्हाच तो गेला. मग तिने हसणं थांबवलं आणि नेहमीसारखं कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे बघितलं. मी बंद करायचं बटण दाबायच्या आधी जागा बदलून उजवीकडे सरकले. मला स्वतःची लाज वाटली, पण सरकले.

रविवारपर्यंत थांबायचा प्रश्नच नव्हता. सकाळी शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवलं, डिस्क बाहेर काढून पिशवीत घातली आणि तळघर गाठलं.

“तो डबा तुम्हाला कुणी विकला?” मी विचारलं.

दुकानदार एका मशीनचे स्क्रू वाटीत काढत होता. “एक गृहस्थ आले होते,” तो म्हणाला. “म्हणाले, आत जी माणसं आहेत ती आमची कुणी नाहीत. पण आमची आई दिवसभर त्यांच्याशी बोलते, माझ्याशी बोलत नाही. घेऊन टाका, द्याल ते द्या.”

“त्यांची नाहीत? मग त्यांनी तो आणला कुठून?”

“माझ्याकडूनच की.”

“आणि त्याच्याआधी?”

“ताई, मशिनं फिरत असतात,” तो म्हणाला आणि वाटीत आणखी एक स्क्रू टाकला. “बिघाड काही आहे का? नाही ना?”

मी त्याच्याकडून एक दुसरी डिस्क घेतली, कोरी करकरीत, सील माझ्यादेखत फोडलेली. तिथेच बसून आईचे व्हिडिओ तिच्यावर घेतले. एकेक उघडून, आईच आहे ना ते बघून, मग पुढचा. जुनी डिस्क त्याच्यापुढे सरकवली. “ही आत्ता माझ्यासमोर पुसा.”

“लावतो ना. पण वेळ लागतो हो. एवढी मोठी डिस्क, दुपार होईल.” तेवढ्यात काकूंचा फोन आला, त्यांना निघायचं होतं. बाबांना एकटं ठेवण्यासारखं राहिलं नव्हतं. “तुम्ही निश्चिंत जा,” दुकानदार म्हणाला. “पुसतो म्हणजे पुसतो.”

विक्रेता निश्चिंत जा म्हणाला की तिथेच खुर्ची टाकून बसायचं, हे मी नव्या पोरांना शिकवते. मी गेले.

घरी कोरी डिस्क बसवली. आता टीव्हीत फक्त आमची माणसं होती. मी बाबांना खुर्चीत बसवलं आणि आईचा एक व्हिडिओ लावला. सणवार नाही, समारंभ नाही, आपलं घर. आई सोफ्यावर बसून बटण शिवतेय आणि मला सांगतेय की मला जन्मात सुई ओवता येणार नाही. बाबा आदबीने उठून खुर्चीमागे उभे राहिले. दोन्ही हात पुढे काउंटरवर टेकवावेत तसे खुर्चीच्या पाठीवर ठेवले आणि तोंडभर हसले.

“ओळखलं की!” ते आईला म्हणाले. “या, बसा. नंबर वाढलाय का?”

मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकवून रडले. आई गेली तेव्हा सगळ्यांचं करण्यात माझं रडायचं राहून गेलं होतं, ते त्या दिवशी निघालं. मी जिच्यासाठी एवढा आटापिटा केला, ती त्यांच्यासाठी एक गिऱ्हाईक झाली होती. नुसती विसरली गेली असती तर निदान तिची जागा रिकामी राहिली असती.

नंतरचे दिवस वाईट गेले. बाबा दाराकडे तोंड करून बसायला लागले. “सरकार कुठे गेली?” विचारायचे. मी टीव्हीकडे बोट दाखवलं की ते बिचारे सभ्यपणे आईला नमस्कार करायचे आणि पुन्हा दाराकडे वळायचे. घास तोंडात धरून ठेवायचे, गिळायचे नाहीत. “रागावली का माझ्यावर?” असं एकदा मला विचारलं. मी म्हणाले, नाही हो बाबा. काय सांगणार? ज्या बाईला मी हाकलून आले, तिच्यासाठी ते झुरत होते, आणि ते झुरणं खऱ्या आईच्या वाट्याचं होतं.

शेवटी मी हरले. माणूस जेवत नसेल तर कुठल्या बाईकडे बघून जेवतोय हे बघायचं नसतं, असं मनाला समजावलं आणि दुकानदाराला फोन लावला. म्हटलं, ती डिस्क पुसली नसेल तर परत न्यायला येते.

“ती? ती गेली की ताई,” तो म्हणाला. “दुसऱ्या एका मशिनीत घातली, त्याच दिवशी गेली. पुसणारच होतो, पण दारात गिऱ्हाईक उभं राहिलं. दाखवायला काहीतरी लागतंच ना.”

“काय लावून दाखवलंत?” माझा आवाज मलाच ओळखू येईना.

“एक बाई होत्या. सोफ्यावर बसून बटण शिवत होत्या. गिऱ्हाइकाला लगेच पसंत पडलं.”

मी आईचे व्हिडिओ त्या डिस्कवरून नव्या डिस्कवर घेतले होते. तिथून काढले नव्हते. पुसणारच आहे म्हटल्यावर काढायचं कशाला? मी तोंडाला येईल ते त्याला बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुमचा नंबर देऊन ठेवतो त्यांना. चांगली माणसं वाटली.”

दोन तीन दिवसांनी दुपारी मी भांडी घासत असताना फोन वाजला. हात साबणाचे होते म्हणून कोपराने स्पीकर लावला. बाबा पलीकडच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसले होते.

“ताई, तुम्ही मला ओळखत नाही,” एक बाई म्हणाली. आवाज तरुण आणि दमलेला होता. “दुकानातून नंबर मिळाला. तुमच्या घरातल्या एक बाई आमच्याकडे आल्यात. म्हणजे, त्या कॉम्प्युटरमध्ये.”

“माझी आई आहे ती,” मी म्हणाले.

“हो का? रागावू नका, पण आमचे सासरे… त्यांना आता फारसं कळत नाही. कुणाशी बोलत नव्हते, मलासुद्धा नाही. पण तुमच्या आईंकडे बघून बोलतात. म्हणतात, ही आपलीच आहे, पण नाव जिभेवर येत नाही. दिवसभर त्यासाठी तळमळतात हो. तुमच्या आईंना काय म्हणून हाक मारायचे घरात, तेवढं सांगाल का?”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. मी फोन ठेवू शकत होते. पण आमच्या घरात महिनोन् महिने तिला कुणी हाक मारली नव्हती, आणि त्या घरात एक माणूस तिच्या नावासाठी तळमळत होता. आपल्याकडे पडून असलेली वस्तू गरजूला द्यावी तसं मी ते दिलं. “सरकार,” मी म्हणाले. “तिला सरकार म्हणायचे.”

“थांबा हं,” ती म्हणाली. मग तिने तोंड वळवून कुणालातरी सांगितल्याचं ऐकू आलं. थोडा वेळ नुसती खरखर. आणि मग एका म्हाताऱ्या, घोगऱ्या, मी जन्मात कधी न ऐकलेल्या आवाजाने हाक मारली, “सरकार! अहो सरकार!”

“आले हो, आले,” आई म्हणाली.

ते वाक्य ज्या व्हिडिओत आहे, तो मला पाठ आहे. दारावरची बेल वाजते, आई हात पुसत उठते आणि म्हणते, आले हो, आले. बेल आधी वाजते, मोठ्यांदा, दोनदा. फोनवर बेल वाजली नव्हती. मी नळ बंद करून कान देऊन ऐकलं. पलीकडे म्हातारा हसत होता, आणि त्याच्या हसण्यात आणखी कुणीतरी हसत होतं.

“ओ दिली त्यांनी!” ती तरुण बाई म्हणाली. “ताई, तुमचे उपकार कसे फेडू?” आणि तिने फोन ठेवला.

मी वळले तर बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. किती वेळ, देव जाणे. चेहऱ्यावर काउंटरमागचं ते हसू नव्हतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला माझे बाबा दिसले, जसेच्या तसे, जागे, आणि घाबरलेले.

“ही आपली सरकार,” ते म्हणाले. “तिचाच आवाज. कुणाला ओ देतेय गं ती?”

त्यांनी ओट्यावरचा फोन उचलला, साबण लागलेला, तसाच कानाला लावला आणि लहान मूल गर्दीत हात सुटल्यावर बोलतं तसं बोलू लागले.

“सरकार, अगं मी इकडे आहे. तिकडे नव्हे. मी इकडे.”

फोन कधीच बंद झाला होता. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला नाही.